तीन वाट्या बुक्का

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढं या, खांबाला टेकलेल्यांनी खुशाल टेकून बसा. उभ्याउभ्या ऐकायची ही गोष्ट नव्हे. एका बाईच्या अंगठ्याची गोष्ट सांगतो. लांबची नाही, इथलीच, उल्हासनगर कॅम्प चारच्या विठ्ठलमंदिरातली. फार जुनीही नाही; ज्यांच्या कपाळाला तो अंगठा त्या दिवशी लागला त्यांतले कितीतरी जण आत्ता इथंच बसलेले असतील. देवाचं नाव घेऊन सांगतो. गोड आहे असं नाही म्हणत, पण खरी आहे, आणि आपल्या माणसांची आहे.

झालं ते एवढंच, की अंजनीनं आपल्या नवऱ्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि त्याला वास आला नाही. रविवारची सकाळ होती. तिचा नवरा म्हणजे कीर्तनकार बाळाजीबुवा; ते नारदाच्या गादीवर उभे होते, पूर्वरंग नुकताच संपला होता, गळ्यात झेंडूचा हार पडला होता. निरूपण संपून आख्यान लागायच्या आधी बुवांना हार घालायचा आणि जमलेल्या सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावायचा, ही कीर्तनाची रीत. आणि या देवळात बुक्क्याची सेवा अंजनीची, लग्न होऊन इथं आल्यापासूनची. आधी बायका, मग पुरुष, मग पेटीवाला आणि तबलजी, आणि सगळ्यांत शेवटी बुवा. ती टाचा उंचावून अंगठा टेकवायची, भुवयांच्या मधोमध, आणि हलकेच वर ओढायची. त्या वेळी डोळे मिटायची बुवांना सवय होती. डोळे मिटले की वास यायचा, वाळ्याचा, नागरमोथ्याचा, कापराचा, आणि त्यांच्यामागून हिच्या हाताला कायमचा बसलेला कांद्याचा. तो वास छातीत भरून घ्यायचा आणि त्याच श्वासावर आख्यानाची पहिली ओळ उचलायची. इतक्या वर्षांत त्या ओळीसाठी वेगळा श्वास म्हणून त्यांनी कधी घेतलाच नव्हता. आज डोळे मिटले, श्वास ओढला, आणि काहीच आलं नाही. जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा, तसे ते आतल्या आत गडगडले. अगदी तळाशी ओल्या लोखंडाला येतो तसला काहीतरी दर्प होता. आणि यात त्यांना नवल वाटायचं कारण नव्हतं, कारण हा बुक्का नव्हे हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या बाईच्या कपाळाला लागला तेव्हापासून ठाऊक होतं.

ती होती काजळी. उल्हासनगरची, अंबरनाथची आणि बदलापूरजवळच्या चामटोलीची, थंडीभर हवेतून जमवलेली. जमवणारी माणसं दोन: पायल आणि विनीत. पायल कॅम्प पाचमधलीच पोरगी, शिकून शास्त्रज्ञ झालेली, हवेत काय काय तरंगतं ते मोजायचं तिचं काम. विनीत चित्रकार, मुंबईहून यायचा, अंगात खादीचा झब्बा आणि पायात महागडे बूट. दिवाळी झाल्यावर दोघं बुवांच्या घरी आली. अंजनी भाजी आणायला गेली होती. “काका, मी आकडे दाखवते आणि लोक जांभया देतात,” पायल म्हणाली. “आमच्या आईला सांगितलं इथली हवा वाईट आहे, तर म्हणते, मग काय श्वास घेऊ नको?” विनीत म्हणाला, “आकडे नकोतच. दिसायला पाहिजे. आणि ऐकू यायला पाहिजे. म्हणून तुमच्याकडे आलो. तुमच्या समोर माणसं दोन-दोन तास हलत नाहीत.” बुवा हसले. “हलत नाहीत, आणि चपला घालता घालता विसरतात.” तरी ते हो म्हणाले. एवढ्या लगेच म्हणाले की विनीतला नवल वाटलं. त्याची मनात तयारी होती बुवांना पटवायची, विज्ञान आणि भक्ती असं काहीतरी बोलायची. ते सगळं त्याच्या तोंडातच राहिलं.

बुवांनी हो म्हटलं होतं ते हवेसाठी नव्हे, अंजनीसाठी. गणपतीच्या आधी तिला अंबरनाथच्या एका डॉक्टरकडे नेलं होतं. तिला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरला आणि बुवांना जवळ बोलावलं. फुफ्फुसांत खालच्या बाजूला जाळी धरल्यासारखं पांढरं दिसत होतं. “ही जाळी जात नाही,” डॉक्टर म्हणाला. “वाढत जाते. गोळ्या देऊ, थोडी हळू वाढेल. हवा बदला, जमलं तर. कायमची.” बुवा बाहेर आले तर अंजनी शेजारच्या बाईला कोथिंबिरीच्या वड्या कशा करायच्या ते सांगत होती, मधेमधे धाप लागत होती तेवढी थांबत होती. “काय म्हणाला?” तिनं विचारलं. “कफ आहे म्हणाला.” “मी म्हटलंच नव्हतं?” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून चालायला लागली. त्यानंतर कितीदा तरी त्यांनी मनाशी ठरवलं, आज सांगू. ती गॅससमोर उभी असायची, पाठमोरी, एका हातानं ओट्याला धरून. आणि त्यांची जीभ उचलायची नाही. हजार माणसांसमोर मरणावर बोलणारा माणूस, यमधर्माचे संवाद म्हणून दाखवणारा, आणि स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मुका. गादीवर उभं राहिलं की बोलता येतं, हे त्यांना पोरवयापासून माहीत होतं. तेव्हा गादीवरूनच सांगावं. सगळ्यांना सांगता सांगता तिलाही सांगावं. ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली असेल, ऐकेल, समजेल. आणि मग घरी येऊन कुणाला काही बोलावं लागणार नाही. असला तो विचार होता. वेडगळ होता, पण दुसरा सुचत नव्हता.

मग बुवांची जुनी धोतरं कामाला आली. विनीतनं त्यांचे मोठमोठे तुकडे केले आणि गच्च्यांवर ताणून बांधले. एक कॅम्प चारमध्ये, जिथं गल्लीच्या टोकाला जीन्सच्या कापडाच्या चिंध्या जाळतात. एक अंबरनाथला, कारखान्यांच्या अलीकडे. तिसरं कुठं बांधायचं यावर दोघांचं एकमत होईना, तेव्हा बुवा म्हणाले, “चामटोलीला बांधा.” चामटोली अंजनीचं माहेर. तिचा भाऊ कैलास तिथं राहतो, भाताची थोडी जमीन, मागं आंब्याची झाडं, पलीकडे डोंगर. “तिकडं काय मिळणार?” विनीत म्हणाला. “तेच तर,” बुवा म्हणाले. पायलनं त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि गावाचं नाव लिहून घेतलं. त्या दिवसापासून बुवांच्या डोक्यात उत्तररंगातलं आख्यान आपोआप तयार व्हायला लागलं. तीन वाट्या समोर असतील. पहिली काळीभोर. दुसरी तशीच. आणि तिसरी जवळजवळ रिकामी, तळाला बोट फिरवलं तर बोटाला लागेल न लागेल एवढीच. मग ते म्हणतील, माणसानं जावं कुठं? जिथं ही वाटी रिकामी आहे तिथं जावं. सासुरवाशिणीला माहेराची वाट देवानं उगाच दाखवलेली नाही. आणि तिच्याकडं बघतील. रस्त्यानं चालताना, आंघोळीच्या पाण्यात तांब्या बुडवताना, ते ही वाक्यं घोळवायचे. कैलासला फोन करून माळ्यावरची खोली रिकामी करून ठेवायलाही सांगितलं होतं. कैलास म्हणाला होता, “दाजी, खोली तुमचीच हाय, पन ताई इथं चार दिसांच्या वर कधी टिकलीय? तिला तिचं देऊळ लागतं.” थंडीत एकदा तो फोनवर सहज म्हणाला, “तुमचं धोतर पार मळलं की हो. धुऊन टाकू का?” बुवा घाईनं म्हणाले, “नको नको, हात लावू नको.” आणि फोन ठेवून दिला. मळलं म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं, आणि विचारलं नाही ते बरं केलं असंही.

रविवारी सकाळी ते देवळात पोचले तेव्हा विनीत मांडणी करत होता. देवासमोर चौरंग, चौरंगावर पांढरं कापड, कापडावर तीन पितळी वाट्या. धोतरं धुऊन, पाणी निवळू देऊन, तळाचा गाळ वाळवून पायलनं तो बारीक केला होता. “पितळेवर काळं काय उठून दिसतंय ना काका?” विनीत दोन पावलं मागं जाऊन म्हणाला. बुवांनी पाहिलं. तिन्ही वाट्या भरलेल्या होत्या. एकीत थोडी करडी झाक, एकीत थोडी तांबूस, पण शिगेला तिन्ही. त्यांनी विचारलं, “चामटोलीची कुठली?” पायल पुढं आली. तिच्या हातात गावांच्या नावांच्या पाट्या होत्या, त्या ती बोलताना एकेक करून लावणार होती. तिनं मधल्या वाटीकडं बोट दाखवलं, मग म्हणाली, “काका, मी दोनदा तपासलं. मलाही वाटलं काहीतरी चुकलं. रात्री वारा खाली बसतो ना, डोंगराच्या आत ते सगळं साठून राहतं. आणि तिकडेही आता वीटभट्ट्या झाल्यात.” विनीतला राहवेना. “पण हे केवढं मोठं आहे! तिन्ही सारख्या. पळून जायला जागाच नाही. मी ठरवूनही याच्याहून चांगलं करू शकलो नसतो.” तो वाईट पोरगा नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण कशावर तरी हात ठेवणं भाग होतं.

पूर्वरंगात ते काय बोलले हे त्यांना स्वतःलाही आठवत नाही. लोक म्हणतात फार रंगला. श्वासावर बोलायचं ठरलं होतं. जन्मताना देव पहिलं काय देतो, तर श्वास, त्याला मोल नाही, त्याची पावती नाही. तोंड बोलत होतं, मागून टाळकरी साथ धरत होते, आणि मन त्या मधल्या वाटीत जाऊन बसलं होतं. माळ्यावरची खोली. आंब्याची झाडं. अंजनी त्यांना पहिल्यांदा माहेरी घेऊन गेली होती तेव्हा तिथल्या विहिरीवर तिनं ओंजळभर पाणी तोंडावर मारून एवढा मोठा श्वास घेतला होता, आणि म्हणाली होती, “घ्या, घ्या, फुकट आहे.” समोर ती बसली होती. पांढऱ्या केसांचा बारका अंबाडा, हिरव्या काठाचं लुगडं, आणि हातांनी ठेका. तिला खोकला येत नव्हता. कीर्तनात तिला खोकला येत नाही, का कोण जाणे.

हार पडला. आज या वेळी पायल उठून माइक हातात घेणार, असं ठरलं होतं. पण ठरलं होतं ते तिघांतच. अंजनीला त्यातलं काही सांगितलं नव्हतं, बुवांनीच सांगू दिलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक की आज पाहुणे आलेत आणि काहीतरी कार्यक्रम आहे. आणि देवळात हार पडला की पुढं काय असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. चौरंगाकडं गेली. देवासमोर पांढरं वस्त्र, वस्त्रावर पितळी वाट्या, वाट्यांत काळी पूड. दुसरं काय असणार? शेजारची सुनंदा खालूनच म्हणाली, “अगं बाई, तीन-तीन वाट्या! धर्मेशभाईनं यंदा हात सैल सोडला वाटतं.” धर्मेशभाई म्हणजे मंडळाचा सिंधी खजिनदार, जीन्सची शिलाई करणारा, बुक्का दर वेळी तोच आणायचा. “सोडू दे की,” अंजनी म्हणाली, “नाहीतर त्याच्या पुडीत निम्मा कागदच असतो.” बायका हसल्या. धर्मेशभाई मागून ओरडला, “वडी साईं, मैं तो लायाच नाय! कोणी आणला?” पण तेही हसण्यात गेलं. अंजनीनं मधली वाटी उचलली.

बुवांना वेळ होता. हे त्यांनी पुढं स्वतःशी कितीदा उगाळलं: वेळ होता. सदऱ्याला माइक लावलेला होता, “अगं, थांब” एवढंच म्हणायचं होतं. पायल माइक घेऊन उभी राहिली होती, डोळे मोठे करून त्यांच्याकडं बघत होती, तुम्ही सांगता का मी सांगू. आणि अंजनीचा अंगठा वाटीत गेला, सुनंदाच्या कपाळाला लागला, वर गेला. सुनंदानं हात जोडले. थांब म्हणायचं, आणि मग? मग ती विचारणार, का? आणि सगळ्या देवळासमोर, हातात माहेरची वाटी धरून उभ्या असलेल्या तिला सांगायचं, की हे तुझ्या गावचं आहे, आणि हेच तुझ्या छातीत आहे, आणि आता जायला कुठं राहिलं नाही? त्यांचा उजवा हात वर गेला. कशासाठी गेला ते त्यांनाही कळलं नाही, पण लोकांना वाटलं बुवा आशीर्वाद देतायत, आणि पुढच्या रांगेनं माना लववल्या. अंजनी रांगेतून सरकत राहिली. मधली वाटी झाली, डावी घेतली, उजवी घेतली. म्हातारे, पोरी, मांडीवरची बाळं. प्रत्येकाला एकेक शब्द. “काय रे, नोकरी लागली?” “गुडघा कसाय?” धर्मेशभाईला म्हणाली, “वाक जरा, उंटा.” पायलपाशी आली तेव्हा क्षणभर थबकली. पायलचं घर बौद्ध, ती कपाळाला काही लावत नाही हे अंजनीला माहीत होतं. “तुझं असू दे गं पोरी,” ती म्हणाली आणि तिच्या गालावरून उलटी बोटं फिरवून पुढं गेली. पायलनं हातातला माइक खाली घेतला. सगळ्या देवळात स्वच्छ कपाळ तेवढं एकच राहिलं, आणि गालावर मात्र एक काळी रेघ. एकानंही म्हटलं नाही, की याला वास नाही. एवढी माणसं, डोळे मिटले, श्वास घेतला, हात जोडले. एकालाही वेगळं काही जाणवलं नसेल? ही गोष्ट बुवांना पुढं सगळ्यांत जास्त छळत राहिली. की रोजच येत होता तो दर्प, म्हणून?

मग ती टाचा उंचावून त्यांच्यासमोर उभी राहिली. धाप लागली होती, पण चेहरा असा उजळलेला होता, की नवरीचं तोंड बघितल्यासारखं त्यांना झालं. अंगठा टेकला. डोळे मिटले. वास आला नाही. तिथून आपण सुरुवात केली.

आख्यान त्यांना म्हणताच आलं नाही. पहिली ओळ उचलायला श्वास नव्हता. बराच वेळ नुसतीच पेटी वाजत राहिली. मग त्यांनी “विठ्ठल, विठ्ठल” एवढंच धरलं, आणि तेच धरून ठेवलं. टाळ सुरू झाले, लोक उभे राहिले, काळ्या कपाळांची ती सगळी गर्दी डोलायला लागली. ते नाव घेत होते आणि नावाच्या आत दुसरं एक वाक्य चाललं होतं: देवा, तू इथं विटेवर कितीक वर्षं उभा आहेस, तुझ्याही अंगावर हेच बसत असणार, तुला तर हलताही येत नाही. रडू आलं ते लोकांनी भक्तीचं मानलं. तेही खोटं नव्हतं.

आरती झाल्यावर पायल मागच्या ओवरीत त्यांच्यासमोर आली. “काका, तुम्ही बोलला का नाहीत? त्यात शिसं आहे, काय काय आहे. माझ्या हातात माइक होता. मी पण बोलले नाही. मी काय शिकले मग?” कुणीतरी आपल्याला रागवावं असं तिला वाटत असावं. “पुसायला सांगू सगळ्यांना?” “सांग,” बुवा म्हणाले. ती दारात जाऊन उभी राहिली, एक-दोघांना थांबवून काही बोलली. धर्मेशभाई म्हणाला, “मॅडम, कीर्तनाचा बुक्का पुसत नसतात. पाप लागतं. आपोआप जाऊ द्यायचा.” आणि त्यानं तिला प्रसादाचा द्रोण दिला. विनीत एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. त्यानं फोटो काढला होता: अंजनीचा हात, बुवांचं कपाळ, मिटलेले डोळे. “काका, हा मी कुणाला दाखवू की नको?” त्यानं हळू आवाजात विचारलं. सकाळचा तो उत्साह कुठं गेला होता कोण जाणे. तेवढ्यात अंजनीच आली, फोटोत डोकावली. “अगंबाई, माझा अंगठा! दाखव की सगळ्यांना. तेवढाच माझा चांगला आहे, तोंड नाही आलं ते बरं झालं.” आणि त्याच्या द्रोणात आणखी एक चमचा शिरा घातला. “खा, वाळलास किती.”

दुपारी घरी आल्यावर ती भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली. दम खाली बसायला वेळ लागला. स्वतःच्या कपाळालाही तिनं लावून घेतलं होतं, शेवटचं, वाटीच्या कडेचं. बुवांनी पंच्याचं टोक ओलं केलं आणि तिच्यासमोर बसले. “काय करताय?” “घाम आलाय तुला.” “कपाळाचं नका पुसू हं.” त्यांनी गळा पुसला, हात पुसले. अंगठा पुसायला घेतला तर तो पुसला जाईना. रेषांमध्ये शिरलेलं काळं तसंच राहिलं. मग त्यांनी विचारलं, सहज विचारल्यासारखं, “आज बुक्क्याला वास कसा होता गं?” ती थोडी हसली, चोरी पकडली गेल्यासारखी. “मला कुठं येतोय वास. गेलाय कधीचाच. त्या वर्षी डाळ करपली, सगळी चाळ ओरडत आली आणि मी आपली तिथंच उभी, तेव्हा कळलं.” “मला बोलली नाहीस.” “तुमच्या जिवाला घोर कशाला? पण बुक्क्याचा येतो मला. म्हणजे, आठवतो. अंगठा लागला की आठवतो. आज पण आला की, छान आला.” बुवांनी पंच्याचं टोक पुन्हा भिजवलं आणि तिचा अंगठा पुन्हा चोळायला घेतला. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. कुठंतरी चिंध्या पेटवल्या होत्या. त्यांना वास आला, तिला आला नाही. आता सांगावं. आता दोघांच्या मध्ये गादीही नाही, माइक नाही, कुणी नाही. ते तोंड उघडणार तोच तीच म्हणाली, “अहो, थोडे दिवस माहेरी जाऊया का? मला माहितीय तुम्ही कैलासला खोलीचं बोललात. तिकडं छातीला बरं वाटेल. मोकळी हवा आहे.” तिच्या कपाळावर ते काळं बोट ताजं होतं, आणि त्यात चामटोलीचं किती, कॅम्प चारचं किती, हे आता कुणालाच वेगळं काढता आलं नसतं.

“जाऊ,” बुवा म्हणाले.

ती मग तिथंच डोळे मिटून पडली, आणि ते तिचा श्वास ऐकत बसले, एखाद्या गवयाची सम यायची वाट बघावी तसे, प्रत्येक वेळी आता येते की नाही असं वाटून.

एवढीच गोष्ट. यात कुणी जिंकलं नाही आणि कुणाला शिक्षा झाली नाही. अंजनीबाई आहेत अजून. देवळाची पायरी आता चढवत नाही त्यांना, खालीच खुर्ची ठेवतात. तुमच्याकडं मागणं एकच. पुढं कधी कीर्तनात कुणी तुमच्या कपाळाला बुक्का लावला, तर घाईनं हात जोडू नका. आधी डोळे मिटून श्वास घ्या. वास आला, तर देवाची कृपा समजा, आणि जिला तो नुसता आठवतो त्या माउलीची एकदा मनात आठवण काढा.